‘नंबर वाढणारच, पण हळू’ : मायोपियाच्या कामातली माझी वर्षं

तासगावकरीण

नमस्कार मंडळी. मागे इथे मुलांच्या चष्म्यांवर चर्चा चालली होती, तेव्हा मी ‘ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मायोपियाचंच काम करते’ एवढी एक ओळ टाकली (मायोपिया म्हणजे मायनस नंबर, लांबचं धूसर दिसणं) आणि दोन दिवसांत अकरा व्यनि (खासगी निरोप) आले. सात जणांचं म्हणणं ‘आमच्या मुलाचा नंबर थांबेल का’, चार जणांचं ‘मुलीला या लायनीला घालू का’. अकरा उत्तरं टंकण्यापेक्षा धागाच काढते.

मी मूळची तासगावची, घरची द्राक्षबाग. बारावीला मार्क बरे होते, पण एमबीबीएसला पुरतील असे नव्हते. पुण्यात बी.ऑप्टोमला प्रवेश मिळाला. चार वर्षांचा कोर्स, तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश घेऊन घरी आले तेव्हा अण्णांनी विचारलं, “म्हणजे डोळ्यांची डॉक्टर का?” नाही म्हटलं. “मग चष्म्याचं दुकान?” तेही नाही म्हटलं. “मग चार वर्षं कशाला?” या प्रश्नाचं धड उत्तर मला बरीच वर्षं देता आलं नाही.

इथेही बऱ्याच जणांचा घोळ असतो म्हणून सांगते. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे डोळ्यांत एमएस वगैरे केलेले डॉक्टर. औषध त्यांचं, ऑपरेशन त्यांचं. ऑप्टिशियन लिहून दिलेल्या नंबरचा चष्मा बनवून देतो. आम्ही मधले. नजर तपासायची, नंबर काढायचा, दोन्ही डोळे एकत्र नीट चालतात का बघायचं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची आणि आजाराची शंका आली की डॉक्टरांकडे पाठवायचं.

पहिली नोकरी पुण्यात चष्म्यांच्या एका साखळी दुकानात. नाव नको. तिथे मी एका पोराचा नंबर काढायला वीस मिनिटं लावली, तर मॅनेजर म्हणाले, “सात मिनिटांत उरक. उरलेली तेरा मिनिटं कोटिंग विकायला वापर.” महिन्याचं टार्गेट काचांवरच्या कोटिंगचं असायचं. कॉलेजात हातात धरायला शिकलेली रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं उपकरण) दीड वर्ष ड्रॉवरमध्ये पडून होती. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची (आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी बाहेर आली की तोच नंबर थोडा इकडेतिकडे करून द्यायचा.

कंटाळून मिरजेला आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. बेळगाव, विजापूर, जत, पंढरपूर अशा सगळीकडून पेशंट येतात, त्यामुळे कामापुरतं कन्नड शिकावंच लागतं. (‘मेले नोडी, केळगे नोडी’, वर बघा, खाली बघा. एवढ्यावर पहिलं वर्ष काढलं.) एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या माझ्याकडे होत्या. दिवसाला चाळीस-पन्नास आजी-आजोबा.

आणि तिथे ती पोर आली. पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. बारा वर्षांची झाली तेव्हा उणे सहा. त्या दिवशी तिचा जुना केसपेपर चाळला, तर मधल्या सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात. दर वेळी मी इमानाने वाढलेला नंबर लिहिला होता, नवीन चष्मा दिला होता आणि ‘एका वर्षाने दाखवा’ असा शेरा मारला होता. दुसरं काहीही केलं नव्हतं. आई विचारत होती, “मॅडम, दर वेळी वाढतोय, असंच असतंय का?” आणि मी म्हणाले होते, “वाढीचं वय आहे ना, वाढणारच.”

ते उत्तर आजही खोटं नाही. पण अर्धं आहे.

मायनस नंबर म्हणजे बहुतेक मुलांत डोळा मागच्या बाजूला लांब होत जाणं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर. तो एक मिलिमीटर जास्त लांबला की अंदाजे अडीच-तीन नंबर चढतो. चष्म्याने समोरचं स्पष्ट दिसतं, पण लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. पडदा, म्हणजे रेटिना, त्या लांब डोळ्यावर ताणून बसतो. उणे सहाच्या पुढे गेलेल्यांत पडदा सरकणं, मधल्या भागाची झीज, काचबिंदू हे धोके वाढत जातात. म्हणून आमच्या कामात नंबरइतकीच, माझ्या मते नंबरहून जास्त, लांबी महत्त्वाची.

गंमत अशी की लांबी मोजायचं यंत्र माझ्या टेबलाशेजारीच होतं. मोतीबिंदू काढल्यावर आत कुठल्या पॉवरची लेन्स बसवायची याचं गणित करायला डोळ्याची लांबी लागतेच, त्यासाठी प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात बायोमीटर असतो. मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, विचारलं, दुपारी दोन ते चार यंत्र रिकामं असतं, मुलांची लांबी मोजून ठेवू का? सर म्हणाले, “मोज, पण बिल लावू नकोस. कशासाठी लावलं ते मला सांगता येणार नाही.” एका दोनशेपानी वहीत तारीख, वय, उजवा, डावा अशी नोंद सुरू झाली. माझं स्पेशलायझेशन म्हणतात ते हे असं. सर्टिफिकेटचे कोर्स नंतर केले.

आता आठवड्यातले चार दिवस मी फक्त मायोपियाची मुलं बघते. नवीन मुलाला पाऊण ते एक तास. आई-बाबांचे नंबर विचारायचे, शाळा-क्लासच्या वेळा विचारायच्या. मग थेंब घालून नंबर. हे थेंब चुरचुरतात, पोरं रडतात, एका पोराने मला चावलंय. पण थेंबाशिवाय लहान मुलाच्या नंबरवर विश्वास ठेवायचा नाही, कारण मूल जवळ बघायचा जोर लावतं आणि नंबर खोटा फुगतो. मग बायोमीटरवर हनुवटी टेकवून ‘लाल ठिपक्याकडे बघ, पापणी हलवू नकोस’. पाच-सहा मापं घ्यायची. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दशांश मिलिमीटर वाढ म्हणजे साधारण पाव नंबर. शाळकरी वयात चष्मा नसलेल्या मुलाचा डोळाही वर्षाला तेवढा वाढतोच. तीन दशांश वाढला की मी खुर्चीत सरळ बसते.

आणि या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. सगळं नीट केलं तरी बहुतेक मुलांचा नंबर वाढतोच, फक्त हळू वाढतो. आई-बाप पैसे मोजून येतात, वर्षाने नंबर अर्ध्याने वाढलेला असतो आणि मी म्हणते, “छान आहे, चांगला रिझल्ट आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघत मी रोजची भाकरी मिळवते. काही केलं नसतं तर सव्वा वाढला असता, हे त्यांना दाखवणार कसं? न चढलेला नंबर कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

विचारा काय विचारायचं ते.

आंबेमोहर

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. चावणाऱ्या पोराचं पुढे काय झालं?

मंदार_७७

लेख चांगला आहे, पण स्पष्ट बोलतो. आमच्या वेळी वर्गात साठ पोरांत एक ‘चष्मिस’ असायचा. आता चष्मा हा फॅशनचा आणि धंद्याचा भाग झालाय. आधी साधी काच, मग अँटिग्लेअर, मग ब्लू कट, आता हे मायोपिया कंट्रोल. दर पाच वर्षांनी भीती नवी, काच नवी. आमची आजी गाजर आणि गाईचं तूप खाऊन नव्वदीत सुईत दोरा ओवायची.

पुणेरी_आई

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, दोन्ही डोळे उणे सव्वादोन. दीड वर्षात एकने वाढला. एका ठिकाणी खास काचांचा चष्मा सांगितला, पाच आकडी किंमत. दुसरीकडे थेंब सांगितले. सासूबाईंचं म्हणणं, नंबरपेक्षा थोडा कमी चष्मा दे, म्हणजे डोळ्याला सवय होऊन नंबर चढणार नाही. त्यांच्या माहेरच्या चष्मेवाल्यांनी म्हणे तसंच करून सगळ्यांचे नंबर थोपवले. मी तिघांच्या मध्ये अडकलेय.

तासगावकरीण

आंबेमोहर, तो आता सातवीत आहे. दर सहा महिन्यांनी येतो आणि चावल्याची आठवण मीच काढते म्हणून चिडतो.

पुणेरी_आई, आधी सासूबाईंचा मुद्दा, कारण तो मला आठवड्यातून तीनदा ऐकू येतो. ऐकायला पटण्यासारखा आहे, पूर्वी भल्याभल्यांनी तसं केलंही. मलेशियात कुणीतरी तो तपासून बघितला. २००२ साली निकाल आला. काही मुलांना पूर्ण नंबर, काहींना मुद्दाम पाऊण नंबर कमी, दोन वर्षं. कमी नंबरवाल्यांचा मायोपिया जास्त वाढला. तेव्हा पूर्ण नंबर द्या. माहेरच्या चष्मेवाल्यांबद्दल वाईट बोलू नका. ज्यांचे नंबर आपोआप थांबायचे होते ते थांबले आणि श्रेय त्यांना गेलं.

खास काचा कशा चालतात ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराला प्रश्न विचारता येतील. साध्या मायनस काचेतून मधलं चित्र पडद्यावर नीट पडतं, पण कडेचं चित्र पडद्याच्या मागे पडतं. वाढत्या डोळ्याला तो इशारा वाटतो, ‘अजून मागे जा’. या काचांत मध्ये साधा नंबर असतो आणि भोवती शेकडो अगदी बारीक लेन्सांची नक्षी. त्यामुळे कडेच्या प्रकाशाचा काही भाग पडद्याच्या पुढे येतो. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीने होया या काचांच्या कंपनीसोबत केलेल्या काचेत मधला साधा भाग नऊ मिलिमीटरचा आहे. त्यांच्या दोन वर्षांच्या चाचणीत, ८ ते १३ वयाच्या मुलांत, नंबरची वाढ ५२ टक्के आणि लांबीची ६२ टक्के कमी झाली. एसिलोर या दुसऱ्या कंपनीचीही अशीच, वेगळ्या नक्षीची काच आहे. पण चष्मा दिवसभर हवा. शाळेतून आला की दप्तराबरोबर चष्माही कोपऱ्यात, असं असेल तर पैसे पाण्यात. आणि फ्रेम नाकावरून घसरत असेल तर मधला भाग बुबुळासमोरून खाली जातो. मी काचेच्या ब्रँडवर घालवत नाही एवढा वेळ फ्रेमच्या नाकपट्टीवर घालवते.

थेंबांबद्दल (अॅट्रोपिन, नंबरची वाढ हळू करायला रोज घालायचे; तपासणीच्या वेळचे थेंब वेगळे) डॉक्टर सांगतील, तो त्यांचा प्रांत. मी मापं देते.

मंदारदादा, तुमच्याशी मी निम्मी सहमत आहे. ब्लू कट (निळा उजेड अडवणाऱ्या) काचेने मायोपिया थांबतो असा पुरावा नाही, ते मीही पालकांना सांगते. या खास काचांच्या बऱ्याच चाचण्यांना कंपन्यांचेच पैसे आहेत, हेही खरं. पण वर्गात एकच चष्मिस असण्याचं एक कारण असंही होतं की बाकीच्यांचे डोळे कुणी तपासलेच नव्हते. मागच्या बाकावरचा ‘ढ’ मुलगा आठवतो का? त्याला फळा दिसत होता का, हे कुणी विचारलं होतं? त्यापलीकडे प्रमाण वाढलंय हेही तितकंच खरं. दिल्लीच्या शाळांत ५ ते १५ वयाच्या मुलांची पाहणी झाली, २०१५ साली छापून आली, त्यात १३.१ टक्के मुलांना मायोपिया निघाला. ब्रायन होल्डन हे डोळ्यांचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला की २०५० पर्यंत जगातली निम्मी माणसं मायोपिक असतील.

गाजर खावं. ‘अ’ जीवनसत्त्व हवंच, रातांधळेपणासाठी. पण डोळ्याची लांबी त्याने कमी होत नाही. आजी सुईत दोरा ओवायच्या कारण बहुधा त्यांना थोडा मायनस नंबर होता! उणे दोन-अडीचवाल्याला म्हातारपणी वाचायला चष्मा लागत नाही.

मंदार_७७

आजीला मायनस होता?? हे घरी सांगायची माझी हिंमत नाही.

अकरा_नंबर

आयडी नवीन नाही, वाचनमात्र असतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

माझे नंबर उणे अकरा आणि उणे साडेनऊ. पाचवीपासून दर वर्षी जूनमध्ये नवीन दप्तर, नवीन वह्या, नवीन चष्मा. काचा इतक्या जाड की मित्र त्यातून मुंगी बघायचे. घरात कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. हुशार मुलगा आहे, वाचतो खूप.

चौतिसाव्या वर्षी एका सकाळी उजव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मग काळे ठिपके, माश्या उडाव्यात तसे. ऑफिसात क्लोजिंग होतं, म्हणून तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी खालून काळा पडदा वर चढत आल्यासारखा दिसायला लागला. पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, दोन आठवडे पालथं झोपलो, नजर बरीच वाचली, पण त्या डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते. देवळातले खांब लवल्यासारखे दिसतात.

मला कुणी कधी सांगितलं नव्हतं की मोठा मायनस नंबर असणाऱ्याने असं झालं तर त्याच दिवशी धावायचं असतं. एवढं वाक्य मला तीन दिवस आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

डॉ_सह्याद्री

अकरा_नंबर, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. वीज चमकणं, अचानक वाढलेले ठिपके, कडेने येणारी सावली, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी पडदा तपासून घ्यायचा. नंबर कितीही असो.

मी नेत्रतज्ज्ञ आहे. धागा आवडला, पण एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे काही ऑप्टोमेट्रिस्ट ‘मायोपिया क्लिनिक’ची पाटी लावून थेंब परस्पर देतात असं पाहण्यात आहे. अॅट्रोपिन हे औषध आहे. बुबुळाचा मधला काळा भाग मोठा होतो, उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर होऊ शकतं. शिवाय डोसचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सिंगापूरच्या चाचणीनंतर सगळ्यांनी ०.०१ टक्का उचलून धरलं. मग हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ जास्त परिणामकारक ठरलं, आणि अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत ०.०१ ने काही फरकच दिसला नाही. शिवाय तीव्र डोस अचानक बंद केला तर नंबर उसळी मारतो. हे सगळं ‘बाटली घ्या आणि रोज एक थेंब’ इतकं सोपं नाही.

आणखी एक, उणे सहाच्या पुढच्या मुलाचा पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून बघायला हवा. ते यंत्रावरची लांबी मोजून भागत नाही.

तासगावकरीण

सर, शंभर टक्के मान्य. परस्पर थेंब देणाऱ्यांनी आमच्या सगळ्यांचंच नाव घालवलं आहे.

फक्त उलटी तक्रारही नोंदवते. मी अशी मुलं बघितली आहेत ज्यांना थेंब डॉक्टरांनीच सुरू केले आणि नंतर दोन वर्षं लांबी सोडाच, नंबरही थेंब घालून कुणी मोजला नाही. बाटली औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर येत राहिली. डॉक्टरांकडे वेळ नसतो हे मला दिसतं, तिथे माझी वही उपयोगी पडते. आमच्या हॉस्पिटलात आता असं ठरलंय की सहा महिन्यांच्या मापाशिवाय थेंबांची चिठ्ठी पुढे लिहायची नाही. सरांनी सही करायची आणि मी मोजायचं. भांडणंही कमी झाली.

अकरा_नंबर, तुमचं ते ‘त्याच दिवशी धावायचं’ मी उद्यापासून मराठी-कन्नड दोन्हींत छापून प्रत्येक मोठ्या नंबरवाल्याच्या फायलीला लावणार आहे. तुमची हरकत नसेल तर देवळातल्या खांबांचंही.

अकरा_नंबर

खुशाल लावा.

बेडोकचा_बाब्या

सिंगापुरातून. इथे सहावीच्या पोरांत साधारण ६५ टक्क्यांना चष्मा असतो, त्यामुळे आमच्याकडे उलटं आहे. मुलाला चष्मा नसेल तर शेजारी विचारतात, “तपासलंय ना नक्की?” शाळेतच दर वर्षी डोळे बघतात, नंबर निघाला की पालकांना पत्र येतं. आमच्या मुलीची लांबी मोजणारी ऑप्टोमेट्रिस्ट नोंदणीकृत आहे. इथे २००७ पासून त्यासाठी कायदाच आहे, नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती बाहेर खेळण्याची. इतकं पैसेवालं शहर, आणि सरकार पोस्टर लावून सांगतं की मुलांना घराबाहेर काढा. आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, “त्यासाठी सिंगापूरला जायची काय गरज होती?”

तासगावकरीण

आईंना साष्टांग!

बाहेरच्या उजेडाबद्दल एक नीट चाचणी आहे. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळांत, पहिलीच्या मुलांवर. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास, मैदानावर. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना मायोपिया झाला, जादा तासवाल्यांत ३०.४ टक्के. तैवानने २०१० पासून शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच लावला. घरात ट्यूबलाइटखाली तीन-चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार. उन्हात भाजायची गरज नाही, चिंचेखाली विटीदांडू पुरे. मात्र हे मायोपिया सुरू व्हायच्या आधी जास्त कामाचं आहे. एकदा सुरू झाल्यावर नुसत्या मैदानाने थांबतो असं म्हणवत नाही. म्हणून मी मोठ्या भावाची फाईल उघडली की धाकट्या बहिणीलाही बोलावते.

पीएचसी_ते_आरएच

मी सरकारी नोकरीत नेत्र चिकित्सा अधिकारी, ग्रामीण रुग्णालय. ताई, तुमचं काम वाचून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं. माझ्याकडे एक रेटिनोस्कोप, ट्रायल बॉक्स (नंबर तपासायच्या काचांची पेटी) आणि एक तक्ता आहे. बायोमीटर जिल्ह्याला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत मुलं तपासतं आणि संशयित माझ्याकडे पाठवतं. आमच्या झेडपीच्या शाळांत मायोपिया शहराएवढा नाही, पण दर वर्षी थोडा थोडा वाढतोय, विशेषतः नवोदय, स्कॉलरशिपच्या क्लासला बसणाऱ्यांत. चष्मे मोफत देतो. सहा महिन्यांनी शाळेत गेलो की दहातल्या तीन-चार पोरांच्याच डोळ्यावर असतो. एका मुलीने चष्मा रुमालात गुंडाळून देवघरात ठेवला होता. फुटला तर बाप मारेल म्हणून. मी बापाला बोलावून सांगितलं, फुटला तर दुसरा देतो, फुकट. त्यानंतर घातला.

आणि एक. रांगेतली पोरं तक्ता पाठ करतात. पुढच्याने म्हटलं की मागचा तेच म्हणतो. मी आता तक्ता अधूनमधून उलटा टांगतो.

आंबेमोहर

तक्ता उलटा टांगणाऱ्या साहेबांना दंडवत.

पुणेरी_आई

ताई, रात्री घालायच्या लेन्सेसचं काय? चुलत जावेने मुलाला बंगलोरला बसवून घेतल्यात, सकाळी काढल्या की दिवसभर चष्मा नको म्हणे.

तासगावकरीण

ऑर्थो-के. कडक लेन्स रात्री घालून झोपायचं. ती बुबुळाचा पृष्ठभाग तात्पुरता चपटा करते. दिवसा चष्मा नको हे खरं, आणि लांबी कमी वाढते हेही चाचण्यांत दिसलंय. मी त्या बसवायला शिकले आहे, पण फार कमी मुलांना देते. देण्याआधी मी पालकांना बेसिनपाशी उभं करून हात धुवायला लावते. साबण, वीस सेकंद, कोरड्या टॉवेलने पुसणे. निम्मे पालक ओढणीला किंवा पँटला हात पुसतात. मग मी सांगते, ही लेन्स तुमच्यासाठी नाही. नळाचं पाणी, विहिरीतलं पोहणं आणि ऑर्थो-के एका घरात चालत नाहीत. बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर दोन नंबर वाचवायच्या नादात डोळा जायचा. जावेच्या घरी शिस्त असेल तर उत्तम आहे. दिवसा घालायच्या डिस्पोजेबल लेन्सही असतात, अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ ला ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी अशा एका लेन्सला मान्यता दिली. रोज नवी, रात्री फेकायची. त्यात धुण्याची भानगड नाही, खर्च मात्र रोजचा.

निकाल_लागला

नमस्कार. मी जयसिंगपूरची, बारावी झाली. आईने हा धागा दाखवला (तिला व्यनिला उत्तर आलं नाही म्हणून ती थोडी नाराज आहे). बी.ऑप्टोम घ्यायचा विचार चाललाय. खरंखुरं सांगाल का, पगार किती, आणि स्वतःचं क्लिनिक काढता येतं का? मामा म्हणतात नर्सिंग कर, बाहेरदेशी जाता येतं.

तासगावकरीण

आईंना सॉरी सांग. व्यनि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत आला, मी घरी होते.

खरंखुरं सांगते. मला पहिला पगार अकरा हजार मिळाला होता. आता फ्रेशरला बहुतेक ठिकाणी पंधरा ते वीस हजार सांगतात, मोठ्या शहरात थोडे जास्त, आणि तिथलं भाडं ते खाऊन टाकतं. पहिली तीन-चार वर्षं तुझ्या बरोबरीच्या नर्सिंगवाल्या मैत्रिणी तुझ्यापुढे असतील. मामा चुकीचं बोलत नाहीत.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट बघ, तिथे पेशंट किती येतात. ज्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे तिथे हात बसतो. चेन्नईचं एलिट स्कूल, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, आपल्याकडे पुण्यात भारती विद्यापीठ, अशी हॉस्पिटलला जोडलेली ठिकाणं आहेत. नुसत्या वर्गखोल्या आणि तीन यंत्रं असलेली कॉलेजंही आहेत, तिथे मोकळ्या हातांनी डिग्री मिळते. २०२१ मध्ये केंद्राने सहायक आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात आपण आहोत. नोंदणी, अभ्यासक्रम यांना त्यामुळे रूप येतंय.

क्लिनिक काढता येतं. माझ्या दोन मैत्रिणींनी काढलंय. दोघींचंही घर काचा-फ्रेमवर चालतं, तपासणीच्या फीवर नाही. तपासणीचे तीनशे रुपये द्यायला लोक कुरकुरतात आणि फ्रेमचे तीन हजार हसत देतात. म्हणून मी अजून क्लिनिक काढलं नाही. ज्या काचेची मी शिफारस करते तीच मी विकत असेन तर मंदारदादांना मी काय तोंड दाखवू? हा माझा हट्ट आहे, मैत्रिणी मला वेडी म्हणतात. शिवाय बायोमीटरच्या किमतीत गावाकडे चारचाकी येते. मी दोन हॉस्पिटलांत व्हिजिटिंग करते, यंत्रं त्यांची, वही माझी. सध्या महिन्याला जे पडतं त्यात अण्णांनी तो ‘मग चार वर्षं कशाला’ प्रश्न विचारणं बंद केलंय. आकडा व्यनित सांगते.

आणि मायोपियाच करायचं ठरवून कॉलेजात जाऊ नकोस. आधी म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू बघ, तिरळे डोळे बघ, रेटिनोस्कोपीत हजार डोळे बघ. रेटिनोस्कोपमधून बाहुलीत जी तांबूस चमक हलते, ती कुठल्या बाजूला पळते आणि कुठल्या काचेने थांबते, हे हाताला कळायला वर्ष जातं. पण एकदा कळलं की न बोलणारं बाळ, घाबरलेली आजी, खोटं सांगणारा पोरगा, कुणाचाही नंबर त्यांना एक अक्षर न विचारता निघतो. मला या कामातलं अजूनही सगळ्यात जास्त तेच आवडतं.

मंदार_७७

पोरीला घाबरवताय की बोलावताय?

तासगावकरीण

दोन्ही. ती उणे सहावाली मुलगी सांगितली ना, ती आता कॉलेजला आहे. नंबर साडेसातवर थांबलाय. तिच्या वेळी मी काही केलं नाही. तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या वहीत आहे. आज चौदा, उणे पावणेतीन. त्याची आई परवा म्हणाली, “ह्याला पहिल्यापासूनच कमी होता हो नंबर, नशीब लागतं.” मी हो म्हटलं.

निकाल_लागला

ताई, एक दिवस तुमच्याकडे बसून बघितलं तर चालेल का? जयसिंगपूर-मिरज जवळच आहे, मी स्कूटीवर येईन.

तासगावकरीण

सरांना विचारलं, हो म्हणालेत. मंगळवारी सकाळी दहाला ये, डबा घेऊन ये, दुपारची वेळ मुलांची असते तेव्हा जेवायला उशीर होतो. थेंब कसे लागतात ते स्वतःच्या डोळ्यात घालून बघायचं असेल तर आधी डॉक्टर डोळे बघतील, मग घालू. पण मग स्कूटी आणू नकोस. एसटीने ये, बाहुल्या मोठ्या झाल्यावर दिवसभर जवळचं दिसत नाही आणि ऊन डोळ्यात घुसतं. काळा गॉगल असेल तर पिशवीत टाक.